गुन्हा एक, अडचणी दहा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणारे बहुतेक आपल्यासारखेच. बांधाचा वाद, भाडेकरू, भाऊबंदकी, फार तर न वटलेला चेक, यापलीकडे ज्यांचा कोर्टाशी संबंध येत नाही असे. पण काही माणसांना ती पायरी दर दोन-चार महिन्यांनी चढावीच लागते. ती काही अट्टल दरोडेखोर नसतात. दारू पिऊन गोंधळ घातला, बांधकामावरची सळई उचलली, बंद घराचा पितळी नळ काढून भंगारवाल्याला विकला, असले त्यांचे गुन्हे. पोलिसांना ती नावानिशी माहीत असतात, कोर्टाच्या शिपायालाही माहीत असतात. पुकारा झाला की उभे राहायचे, गुन्हा कबूल म्हणायचे, दंड भरायचा किंवा थोडे दिवस आत काढायचे, आणि बाहेर येऊन पुन्हा तेच.

या माणसांचे करायचे तरी काय? आज याच प्रश्नावर थोडे लिहिणार आहे. विषय रूक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. मी कायद्याची अभ्यासक नाही. माझा जन्म पोरांना मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. पण या विषयावर वाचत गेले तसे लक्षात आले की हा जेवढा वकिलांचा विषय आहे तेवढाच शिक्षकांचाही आहे. कसा, ते पुढे येईलच.

जगात काही देशांत अशा माणसांसाठी वेगळ्या प्रकारची न्यायालये सुरू झाली आहेत. त्यांना ‘समस्या सोडवणारी न्यायालये’ म्हणू. नेहमीचे कोर्ट विचारते, याने गुन्हा केला का, आणि केला असेल तर शिक्षा किती? हे कोर्ट एक प्रश्न जास्तीचा विचारते: हा माणूस पुन्हा पुन्हा इथे का येतो? दारू, गर्द, मनाचा आजार, बेघरपणा, बेकारी, घरातली मारहाण. बहुतेकांच्या बाबतीत यातले एक नसते, तीन-चार एकदम असतात. गुन्हा एक आणि अडचणी दहा. आणि शिक्षा होते ती फक्त त्या एकाला. दहा आहेत तशाच राहतात.

याची सुरुवात अमेरिकेत मायामी शहरात १९८९ साली झाली. तिथल्या न्यायाधीशांच्या लक्षात आले की अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत तीच ती माणसे फिरून फिरून येत आहेत, तुरुंग भरत आहेत आणि नशा काही सुटत नाही. तेव्हा त्यांनी व्यसनींसाठी एक वेगळे कोर्ट काढले. उपचार घ्यायचे, ठरलेल्या दिवशी कोर्टात येऊन न्यायाधीशांपुढे उभे राहायचे, लघवीची तपासणी करून घ्यायची, आणि नेमाने पार पडलात तर खटल्यातून सुटका. पुढे १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मिडटाऊन भागात किरकोळ गुन्ह्यांसाठी, तर १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात मनोरुग्ण आरोपींसाठी अशी कोर्टे निघाली.

पण मला ज्या कोर्टाबद्दल सांगायचे आहे ते न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या रेड हूक या वस्तीतले. ही समुद्राकाठची, एकेकाळी गोदी कामगारांची वस्ती. गोदीचे काम गेले, वस्तीच्या कडेने मोठा उंच रस्ता गेला, आणि उरलेल्या शहरापासून ती तुटल्यासारखी झाली. सरकारने बांधलेल्या इमारतींमध्ये हजारो गरीब कुटुंबे. त्यात क्रॅक नावाचा नशेचा पदार्थ आला, आणि तो विकणाऱ्या टोळ्या आल्या.

या वस्तीत ‘पब्लिक स्कूल १५’ नावाची प्राथमिक शाळा आहे. पॅट्रिक डेली हे तिचे मुख्याध्यापक. १७ डिसेंबर १९९२ रोजी शाळेतला एक लहान मुलगा भांडण होऊन रडत रडत शाळेबाहेर निघून गेला. डेली त्याला शोधायला स्वतः वस्तीत गेले. त्याच वेळी गर्द विकणाऱ्या दोन गटांत गोळीबार सुरू झाला आणि त्यातली एक गोळी डेलींना लागली. ते गेले. पुढे तीन तरुणांना शिक्षा झाली.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना. शाळेतून निघून गेलेल्या पोराला शोधायला मुख्याध्यापकांनी जायचे असते, हे आपल्यापैकी कितीतरी शिक्षकांनी केलेले काम आहे. कुणी नदीवर गेले, कुणी एसटी स्टँडवर, कुणी थिएटरच्या रांगेत. पोराचा कान धरून परत आणायचे, एवढाच त्यातला धोका. डेली परत आले नाहीत.

अशी घटना घडल्यावर लोक काय मागतील? जास्त पोलीस, कडक शिक्षा, फाशी. तशी मागणी करणारे तिथेही असतीलच. पण त्या घटनेनंतर जी चर्चा सुरू झाली, तिच्यातून रेड हूकमध्ये एक कोर्ट उभे राहिले. ते उभे राहायला २००० साल उजाडले. मधली वर्षे वाया गेली नाहीत. वस्तीतल्या लोकांशी बैठका झाल्या, तुम्हाला कशाचा त्रास होतो हे घरोघरी विचारले गेले, आणि कोर्टाच्या आधी पाच वर्षे, १९९५ मध्ये, वस्तीतल्याच लोकांचे एक सेवा पथक सुरू झाले. कोर्टाची इमारत नंतर आली, लोकांशी बोलणे आधी झाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि ती इमारत कुठली? चर्चची एक बंद पडलेली शाळा! तिचीच डागडुजी करून कोर्ट केले. न्यायाधीशांचे आसन मुद्दाम खाली घेतले, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांशी डोळे भिडावेत. आरोपींच्या कोठडीला गजांऐवजी काच लावली. त्याच इमारतीत समुपदेशक, व्यसनावर उपचारासाठी मदत करणारे, अर्धवट शाळा सोडलेल्यांसाठी वर्ग, नोकरीसाठी मार्गदर्शन. तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दीतले किरकोळ फौजदारी गुन्हे तिथे येतात. शिवाय घरभाड्याचे आणि मुलांचे खटलेही तिथेच आणले, आणि हे सगळे एकाच न्यायाधीशापुढे. अ‍ॅलेक्स कॅलाब्रेझ या न्यायाधीशांनी तिथे वीसएक वर्षे काम पाहिले.

एकच न्यायाधीश कशाला, असे वाटेल. विचार करा. एका बाईचा मुलगा चोरीत सापडलेला, तिचेच घरभाडे थकलेले, आणि धाकटीच्या ताब्याबद्दल तिसरीकडे खटला चाललेला. नेहमीच्या पद्धतीत या तिन्ही केसेस तीन कोर्टांत, तीन तारखांना, तीन न्यायाधीशांपुढे. आपल्यापुढचा कागद हा एकाच घराच्या पडझडीचा एक तुकडा आहे, हे तिघांपैकी कुणालाच कळत नाही. रेड हूकमध्ये ते कळते.

इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. शाळेत विषयशिक्षक असतात आणि वर्गशिक्षक असतो. विषयशिक्षकाला एवढेच दिसते की याने गणिताचा गृहपाठ आणला नाही. दुसऱ्याला दिसते की हा इंग्रजीच्या तासाला झोपतो. तिसऱ्याला दिसते की हा खेळाच्या तासाला मारामाऱ्या करतो. तिघेही आपापल्या परीने शिक्षा करतात आणि तिघांचेही बरोबरच असते. पण हजेरी घेणाऱ्या वर्गशिक्षकाला ठाऊक असते की याची आई दोन महिन्यांपासून दवाखान्यात आहे आणि पहाटे चारला उठून हा दुधाच्या पिशव्या टाकतो. समस्या सोडवणारे कोर्ट म्हणजे, माझ्या भाषेत, वर्गशिक्षक असलेले कोर्ट.

वर्गशिक्षकाचे दुसरे काम म्हणजे पुन्हा विचारणे. “उद्या वही दाखव” म्हणायचे आणि उद्या खरोखरच वही बघायची. पोरगे सुधारते ते त्या दुसऱ्या दिवशीच्या बघण्याने. रेड हूकमध्ये न्यायाधीश सांगतात, हा उपचार घे, इतके दिवस वस्तीत सफाईचे किंवा रंगकामाचे काम कर, अमुक तारखेला मला येऊन भेट. आणि त्या तारखेला समोर तेच न्यायाधीश असतात, मागच्या वेळचे बोलणे लक्षात ठेवून. नीट चालले असेल तर शाबासकी, कधी सगळ्या कोर्टाच्या टाळ्या. टाळाटाळ केली तर काय होईल हेही आधीच सांगितलेले असते, आणि त्यात तुरुंगसुद्धा असतो.

न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क शहरातल्या अशाच एका कोर्टाच्या न्यायाधीश व्हिक्टोरिया प्रॅट यांची गोष्ट तर मला फारच आवडली. त्या आरोपींना निबंध लिहायला लावत! स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला पत्र, असे काहीतरी. आणि तो निबंध भर कोर्टात वाचून दाखवायचा. लोक हसतील, पण आयुष्यभर निबंधाच्या वह्या तपासलेल्या बाईला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्याला सगळे फक्त “चल, उभा राहा, नाव सांग” एवढेच म्हणतात, त्याला कुणीतरी तुझे म्हणणे लिहून आण म्हणते आणि ते शांतपणे ऐकून घेते. वर्गात कधीच हात वर न करणारी पोरे वहीत काय काय लिहून जातात, हे मी पाहिलेले आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळे गोड आहे, पण उपयोग होतो का? प्रश्न योग्य आहे. रेड हूकच्या कामाची मोठी तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. नेहमीच्या कोर्टातून गेलेल्यांच्या तुलनेत इथून गेलेले प्रौढ पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता १० टक्क्यांनी आणि अल्पवयीनांची २० टक्क्यांनी कमी आढळली. घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे जवळजवळ दोन डॉलरचा फायदा झाल्याचाही हिशोब त्यात आहे.

१० टक्के म्हणजे काही चमत्कार नव्हे. शंभरातले नव्वद सुधारले असे कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या अहवालातली दुसरी एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. हा फरक कशामुळे पडला, याचाही शोध त्यांनी घेतला. शिक्षेच्या धाकामुळे? उपचारांमुळे? त्यांचा निष्कर्ष असा की मुख्य कारण यातले कुठलेच नव्हे. लोकांना ते कोर्ट आपल्याशी न्यायाने वागते असे वाटले, म्हणून त्यांनी त्याचे ऐकले. टॉम टायलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९० सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडले होते, की माणसे कायदा पाळतात ती पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा, आपल्याला मान देऊन वागवले गेले या भावनेने जास्त. शाळेत हे प्रत्येक चांगल्या शिक्षकाला माहीत असते. छडीवाल्या मास्तरांच्या तासाला शांतता असे, पण मास्तर वर्गाबाहेर गेले की वर्ग डोक्यावर घेतला जाई.

तरीही दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे जाहिरात होईल. रेड हूक पाहून इंग्लंडने २००५ मध्ये उत्तर लिव्हरपूल भागात तसेच केंद्र उघडले. एक न्यायाधीश, सगळ्या सोयी एका छपराखाली, सगळे तसेच. पण पुन्हा गुन्हे करण्याचे प्रमाण कमी झाल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसून आले नाही. येणाऱ्या खटल्यांच्या मानाने खर्चही फार होता. २०१३ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणजे साचा उचलून आणला आणि रेड हूक तयार झाले, असे होत नाही. गंमत म्हणजे त्याच इंग्लंडने २०२३ मध्ये लिव्हरपूल, टीसाइड आणि बर्मिंगहॅम येथे पुन्हा नव्याने प्रयोग सुरू केला. या वेळी वेगळी इमारत न बांधता, असलेल्या कोर्टातच. पहिल्या दोन ठिकाणी व्यसनी आरोपींसाठी आणि बर्मिंगहॅमला स्त्रियांसाठी. नेमाने त्याच न्यायाधीशांपुढे यायचे, हे सूत्र मात्र कायम. खर्चिक भाग सोडला आणि गाभा ठेवला, असे मला त्यातून दिसते.

आता आपल्याकडे येऊ.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. अक्षर इतके वळणदार की फळ्यावर सुविचार लिहायचे काम मी त्याच्याकडेच ठेवले होते. शाळा सुटल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, चांगला जम बसला. मग फ्लेक्स आले. दोन वर्षांत पाट्या रंगवणे संपले. रिकामपण आले, दारू आली, बायको माहेरी निघून गेली. नंतर नळ, पाण्याचे मीटर, कुणाची सायकल. त्याची आई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत असे. एकदा तिने बोटांवर मोजून सांगितले, “अकरा वेळा कोर्टात गेला, बाई. दर वेळी नाव विचारलं, वय विचारलं, गुन्हा कबूल का विचारलं. पण दारू कधी सोडणार, असं एकदाही कुणी विचारलं नाही.”

यात मी कुणा न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्या बोर्डावर दिवसाला किती केसेस असतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात तासभर बसले तरी कळते. शिवाय अकरा वेळांत समोरचे न्यायाधीश किती वेळा बदलले असतील कोण जाणे. बदल्या तर होणारच. विचारायची सवड नाही, विचारले तर उत्तराचे पुढे काय करायचे याची सोय नाही. पण त्या माऊलीच्या प्रश्नाला उत्तर कुणीतरी द्यायला हवे की नको?

बरे, आपल्याकडे कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याने १९३८ सालीच गुन्हेगारांच्या परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा केला होता. पुढे १९५८ मध्ये केंद्राचा कायदा आला. ज्यात फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही अशा गुन्ह्यात, चांगल्या वागणुकीच्या हमीवर माणसाला सोडता येते. प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली ठेवता येते. नशा करायची नाही अशी अट घालता येते. एकवीस वर्षांखालच्या तरुणाला तुरुंगात पाठवायचे असेल तर कोर्टाला कारणे नोंदवावी लागतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ३९ व्या कलमात, नशा करणाऱ्या किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेल्या व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याची तरतूद आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही पहिल्यांदाच एक शिक्षा म्हणून आली आहे. पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला असेल, तर समाजसेवेची शिक्षा देता येते.

पद्धतही आपल्याला अगदी परकी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ आहे. त्यात एका न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली एक तरी स्त्री असते. कुटुंब न्यायालयांत समुपदेशक असतात. म्हणजे मूल असेल तर आपण विचारतो, नवरा-बायकोचे भांडण असेल तर विचारतो. पण पोराचा अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून विचारणे बंद! त्या एका रात्रीत त्याच्या घरातली दारू संपते का?

आणि माणसे? पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे महाराष्ट्राला घरोघरी माहीत झाले त्यात मुक्तांगणचा वाटा मोठा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये आणि कोर्टाच्या फेऱ्यात अडकलेल्यांमध्ये काम करतो आहे. त्याहून मागे जायचे तर औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचलेला. आपण चित्रपट डोक्यावर घेतला, आणि त्यातला विचार मात्र आटपाडीलाच ठेवला.

तेव्हा माझे म्हणणे असे, की नवा कायदा नको, नवी इमारतही नको. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, असलेल्याच कोर्टात, आठवड्यातली एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. एक न्यायदंडाधिकारी नेमावा आणि निदान तीन वर्षे त्याला तिथून हलवू नये. ही अट सगळ्यांत महत्त्वाची. त्याच्याबरोबर पूर्णवेळ प्रोबेशन ऑफिसर, एक समाजकार्यकर्ती, सिव्हिल हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ आणि जवळचे व्यसनमुक्ती केंद्र यांची गाठ घालून द्यावी. वर्षाला शंभर नाही, तीस-चाळीस माणसेच घ्यावीत. दर पंधरा दिवसांनी त्याच न्यायाधीशापुढे उभे करावे. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. कोण आला, काय ठरले, काय झाले, कोण पुन्हा सापडला. तीन वर्षांनी ती वही उघडून बघावी. लिव्हरपूलसारखे काही हाती लागले नाही असे दिसले तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि थांबवावे.

यावर घेतले जाणारे दोन आक्षेप मला ऐकू येतात.

पहिला, हे चोरांचे लाड आहेत. ज्याची सायकल गेली त्याचे काय? हा राग खरा आहे आणि तो कुणी उडवून लावू नये. म्हणून ज्याचे नुकसान झाले त्याला या कोर्टात बोलायला जागा हवी, आणि भरपाई हवी. प्रोबेशनच्या कायद्यात भरपाईची तरतूद आहेच. हिंसेचे, स्त्रियांवरील अत्याचाराचे गुन्हे इथे आणूच नयेत. आणि लाड म्हणाल, तर चार दिवस आत बसून सुटणे सोपे, की वर्षभर दर पंधरवड्याला येऊन, मी प्यायलो नाही असे तपासणीसकट सिद्ध करणे सोपे? वर्गाबाहेर उभे राहायची शिक्षा पोरांना आवडते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. नावडते ते पहिल्या बाकावर बसणे!

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. उपचाराच्या नावाखाली सक्ती होईल. किरकोळ गुन्ह्यात जो दोन दिवसांत सुटला असता, तो वर्षभर कोर्टाला बांधला जाईल. अमेरिकेत या कोर्टांवर ही टीका झालेली आहे, आणि ती खोटी नाही. बऱ्याच ठिकाणी आत शिरण्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि अर्ध्यावर घसरलेल्या माणसाला मूळ शिक्षेपेक्षा जास्तही भोगावे लागू शकते. म्हणून आपल्याकडे नियम साधा असावा. यायचे की नाही हे आरोपीने वकिलाशी बोलून ठरवावे, वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने द्यावा, आणि प्रयत्न फसला तर नेहमीच्या कोर्टात जेवढी शिक्षा झाली असती तिच्यापेक्षा एक दिवसही जास्त होऊ नये. व्यसनी माणूस पहिल्या प्रयत्नात सुटत नाही, हे ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांना सांगायला नको. नापास झालेल्याला त्याच वर्गात पुन्हा बसू देण्याची तयारी नसेल, तर शाळा काढूच नये.

आणखी एक भीती आहे, ती माझी स्वतःची. आपण सगळे काम एका देवमाणसावर टाकतो. असा न्यायाधीश भेटला तर त्याचे सत्कार करतो, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात, आणि त्याची बदली झाली की सगळे पूर्ववत. कॅलाब्रेझ यांच्यासारखा माणूस मिळणे हे रेड हूकचे भाग्य, पण त्यांच्या मागे केंद्र चालवणारी संस्था होती, समुपदेशक होते, आणि आधीपासून विचारात घेतलेली वस्ती होती. चांगली शाळा एका मुख्याध्यापकावर सुरू होते, पण ती टिकते शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांमुळे.

पॅट्रिक डेली यांचे नाव आज त्यांच्या शाळेला दिलेले आहे. पण मला वाटते, त्यांचे खरे स्मारक जवळच्या त्या जुन्या शाळेत भरणारे कोर्टच. भरकटलेल्याच्या मागे कुणीतरी जायला हवे, एवढेच तर त्यांनी केले होते.

माझा तो सुंदर अक्षराचा विद्यार्थी आता चाळिशी ओलांडून गेला आहे. आई थकली, तरी कोर्टाच्या तारखा तिच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. बारावी तारीख कधीतरी येईलच. त्या वेळी तिच्या मुलाला तो एक प्रश्न विचारणारा कुणी समोर असेल का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

आपल्या गोतावळ्यात वकील आहेत, एक-दोन जण न्यायखात्यातून निवृत्त झाले आहेत. माझे म्हणणे व्यवहारात कुठे अडेल ते त्यांनी जरूर लिहावे. बाकीच्यांनीही मत कळवावे. पटले नसेल तर अधिक आवर्जून.